गोटीला कुणी पकडून दिलं

दातांच्या लॅबमध्ये ताईसारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. शहरभरचे डॉक्टर साचे पाठवत, आणि ती मेणाचा एकेक कण खरवडत त्यांतून दात उभा करी. कवळी कुणाच्या तोंडात बसणार हे तिला कधी कळत नसे; चिठ्ठीवर नुसता क्रमांक असायचा. तिला ते बरं वाटायचं. माणसांपेक्षा दात बरे, निदान बोलत नाहीत, असं ती गमतीनं म्हणायची.

मग बाबांचं बोलणं गेलं, आणि ती गंमत तिनं पुन्हा केली नाही.

बाबांनी पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. आठ महिन्यांपूर्वी सकाळी बूट घालता घालता ते खुर्चीवरून घसरले. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा एका फटक्यात गेली. पाय थोडा सुधारला, काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जाऊ लागले. वाचा काही आली नाही. समजत मात्र सगळं होतं. वाचेचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी एक अक्षरांची पाटी करून दिली होती: जाड पुठ्ठ्यावर मोठाली अक्षरं, डाव्या हाताच्या बोटानं एकेक दाखवायचं. बाबांना त्या पाटीचा भयंकर कंटाळा. एका शब्दाला पाच-पाच मिनिटं लागत, आणि मध्येच ते पाटी ढकलून देत. आठ महिन्यांत त्यांनी ताईला त्या पाटीवरून सांगितलेले शब्द तिला पाठ होते. पाणी, पंखा, दार, पुरे.

आई जाऊन बारा वर्षं झाली होती. ताईनं लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायचंही लोकांनी सोडून दिलं होतं. दिवसा एक मावशी बाबांजवळ थांबायच्या. ताई सकाळी सातला लॅबमध्ये जायची, तीनला परत यायची, आणि तिथून पुढे आंघोळ, गोळ्या, व्यायाम, सूप, चादरी. कुणी कौतुक करावं म्हणून ती हे करत नव्हती. पण कुणी केलं असतं तर तिनं नको म्हटलं नसतं.

कौतुक व्हायचं ते गोटीचं.

गोटी धाकटी. जन्मली तेव्हा इतकी वाटोळी होती की बाबांनी दवाखान्यातच तिला गोटी म्हटलं, ते नाव छत्तिसाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. गोटी जन्मली त्या दिवशी मोठीची ताई झाली. त्याआधी घरात तिला काय म्हणायचे हे आता कुणालाच आठवत नव्हतं. बाबासुद्धा तिला ताईच म्हणत. ताई बाबांना अहो-जाहो करायची, गोटी अरे-तुरे. गोटी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, एका तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची, आणि दर शनिवारी दुपारी दोन तास बाबांना भेटायला यायची. ओल्या केसांनी, हसत, चपला दारातच दोन दिशांना भिरकावून.

एका शनिवारी ती टॅब घेऊन आली. त्यात एक गोष्ट होती, वाचत वाचत खेळायची. नाव होतं ‘सात छपरं’. एका शहरात पोलीस विकले गेलेत, आणि सात छपरांवर सात मुखवटेवाले पहारा देतात. कायदा त्यांना गुन्हेगार समजतो, लोक त्यांना देव समजतात. त्या सातांपैकी एक म्हणजे वाचणारा. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी तीन-चार वाटा दिलेल्या असायच्या. त्यातली एक आपण निवडायची, की गोष्ट त्या वाटेनं पुढे जायची. गोटी मोठ्यानं वाचणार आणि बाबा डाव्या हाताची बोटं दाखवून निवडणार, असं तिनं ठरवलं होतं. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. पाटी नको, अक्षरं नकोत.

ताईला वाटलं, बाबा ढकलून देतील. व्यायामाच्या बाईंचे चेंडू, रंगीत ठोकळे, सगळं ढकललं होतं त्यांनी.

स्वयंपाकघरात बटाटे कुस्करत असताना तिला आधी पाटी ओढल्याचा आवाज ऐकू आला. मग गोटीचा आवाज आला, साथीदाराचं नाव काय ठेवू, अक्षर दाखव बाबा, मग पाटीवर टकटक, मग गोटीचं हसू. आणि थोड्या वेळानं आणखी एक आवाज, हवा भरलेला नळ सुटावा तसा. हातातलं भांडं ठेवून ती दारात आली. बाबा हसत होते. गोष्टीतला मुखवटेवाला लिफ्टच्या दोरावरून अकरा मजले घसरत खाली आला होता, आणि लिफ्ट ज्यांनी जन्मभर उघडून पाहिली त्यांना त्यातलं सगळंच चुकीचं दिसत होतं. डाव्या हातानं ते हवेत दोर दाखवत होते, तळहात सोलला जाईल म्हणून सांगत होते, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

आठ महिन्यांत ते हसले नव्हते. ताईला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल कुठेतरी तळाशी. वर जे तरंगलं ते वेगळं होतं. आपण आठ महिने रोज राबायचं, आणि हिनं शनिवारी येऊन दोन तासांत मैदान मारायचं.

तेव्हापासून बाबा शनिवारची वाट पाहू लागले. शुक्रवारी संध्याकाळी स्वतःहून दाढी करायची खूण करत. गोटी यायच्या आधी अर्धा तास काठी टेकत दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसत. एकदा ताईही सुपाचा वाडगा घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसली. कुणी काही म्हणालं नाही. पण मुखवटेवाला एका जळत्या गोदामात शिरणार होता, आणि ताईनं नेमका तेव्हाच चमचा पुढे केला. दोघांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं, सिनेमाच्या पडद्यासमोर येऊन उभं राहणाऱ्याकडे पाहावं तसं. ती उठून गेली. वाडगा मात्र तिथेच ठेवला, म्हणजे तो थंड झाल्यावर कुणालातरी वाईट वाटेल.

टॅब गोटी इथेच ठेवून जायची. घरी नेला तर पुढे वाचायचा मोह आवरणार नाही, आणि बाबांशिवाय पुढे जायचं नाही असं तिनं स्वतःला बजावलं होतं. तेव्हा एका मंगळवारी ताईनं धाडस केलं. बाबांना व्यायाम झाल्यावर उशांना टेकवून बसवलं, टॅब मांडीवर घेतला आणि वाचायला लागली. तिला वाचता येत नव्हतं असं नाही. पण डॉक्टरच्या चिठ्ठीवरची मापं वाचायची सवय; ‘धडाम’ हा शब्दसुद्धा तिच्या तोंडून औषधाच्या नावासारखा निघाला. दोन परिच्छेद झाले आणि बाबांनी डावा हात पुढे केला, हळूच, अगदी सभ्यपणे, आणि टॅब पालथा घातला. मग तिचा हात थोपटला.

त्या थोपटण्यानं तिला जास्त लागलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

गुरुवारी दुपारी बाबा झोपले होते. मावशी गेल्या होत्या. ताई टॅब घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. फक्त पाहायचं होतं, एवढं काय आहे त्यात. गोष्टीत एक पान असं होतं जिथे आजवरच्या निवडी ओळीनं दिसायच्या. त्रेसष्ट निवडी होत्या. ती एकेक वाचत गेली. बाबांनी कुणाला माफ केलं होतं, कुणाला गच्चीवरून उलटं टांगलं होतं, एका म्हाताऱ्या चौकीदारासाठी सोन्याची पेटी सोडून दिली होती. आपल्या बापाला ती जेवढं ओळखत होती त्याहून जास्त त्या यादीत होतं. आणि जागोजागी एक नाव होतं. गोटी जखमी झाली. तू काय करशील. गोटी मागे राहिली. तू काय करशील. मुखवटेवाल्याच्या साथीदाराचं नाव बाबांनी गोटी ठेवलं होतं.

पहिल्या शनिवारची टकटक तिला आठवली. तिच्यासाठी पाणी, पंखा, दार, पुरे. आणि हिचं नाव लिहायला त्यांना पाटीचा कंटाळा आला नाही. अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, सगळं शोधायला बोट फिरलं.

नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते ताईला त्या स्टुलावर कळलं. तिनं ‘पुढे’ दाबलं.

मुखवटेवाला पोलीसप्रमुखाच्या खोलीत उभा होता. प्रमुख म्हणाला, तुझ्या साथीदाराचं खरं नाव सांग, मी अटकेतल्या नऊ निरपराध माणसांना सोडतो. खाली तीन वाटा होत्या. एक: साथीदाराचं नाव सांग. दोन: तिच्याऐवजी स्वतःचा मुखवटा उतरव. तीन: काही न बोलता खिडकीतून उडी मार.

बाबांनी कोणतं बोट दाखवलं असतं हे तिला त्या यादीवरून चांगलं ठाऊक होतं. दोन. डोळे मिटून दोन.

ताईनं एक दाबलं.

क्षणभर फार बरं वाटलं. खपली काढताना वाटतं तसं. मग पडद्यावर ओळी उमटल्या. पहाटे गोटीला तिच्या घरातून धरून नेलं. दारात तिनं एकदाच वळून तुझ्याकडे पाहिलं. ताईनं घाईघाईनं मागे जायचं बटण शोधलं. या गोष्टीत मागे जाता येत नव्हतं. तसं पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, पण पहिलं पान तिनं कुठे वाचलं होतं. तिनं टॅब पुसला, जिथे होता तिथे ठेवला, आणि सूप तापत ठेवलं.

शनिवारी गोटी आली, पाय दुमडून पलंगावर बसली आणि वाचायला लागली. “मागच्या वेळी तू तुझ्या साथीदाराचं नाव पोलिसांना सांगितलंस.” ती थांबली. पुन्हा मनातल्या मनात वाचलं. मग बाबांकडे बघून हसली.

“बाबा, माझ्या मागे खेळलास होय? आणि मलाच दिलंस पकडून?”

बाबांनी मान हलवली. गोटीला वाटलं ते तिला चिडवताहेत. तिनं निवडींचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पाहिलं आणि जोरात मान हलवली, डावा हात पलंगाच्या कडेवर आपटला, घशातून काहीतरी काढायला गेले आणि नुसता वारा निघाला. गोटीचं हसू मावळलं. ती म्हणाली, असू दे, गोष्ट तर आहे. नऊ माणसं सुटली ना, बरंच झालं. पण तिचा आवाज बारीक झाला होता. बाबा पाटी शोधायला हात फिरवू लागले. पाटी टेबलावर होती, हाताबाहेर. ताई दारात उभी होती. पाटी तिच्यापासून दोन पावलांवर होती.

ती हलली नाही.

गोटीनं आणखी एक-दोन पानं वाचली, बाबांनी बोट दाखवलंच नाही, आणि मग तलावावर काहीतरी काम आहे असं सांगून ती तासाभरात निघून गेली. चपला घालताना ताईकडे न बघता म्हणाली, “कंटाळा आला असेल गं त्याला माझा. सांगता येत नाही बिचाऱ्याला.”

दार लागल्यावर ताईनं पाटी बाबांना दिली. बाबांनी ती मांडीवर सरळ केली, बोट ‘त’वर नेलं, मग खालच्या ओळीत मात्रांमध्ये हळूहळू शोधून दुसऱ्या उकारावर ठेवलं, आणि तिच्याकडे पाहिलं.

तू.

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. विचारत होते.  टॅबची बॅटरी संपत आली होती, तो चार्जिंगला लावायला ताई वाकली, आणि वाकलेलीच बराच वेळ राहिली. बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

त्या आठवड्यात त्यांनी जेवण नाकारलं नाही, गोळ्या नाकारल्या नाहीत. फक्त शुक्रवारी दाढीची खूण केली नाही. शनिवारी सकाळी गोटीचा निरोप आला, सर्दी झालीय, या वेळी जमणार नाही. तरी बाबा दुपारी दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. पाच वाजेपर्यंत बसले.

लॅबमध्ये ताईनं त्या सोमवारी एक पूर्ण कवळी बिघडवली. वरचे दात खालच्यांवर बसेनात. चिठ्ठी पुन्हा पाहिली तर रुग्णाचा साचाच दुसरा घेतला होता. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. लॅबचे मालक म्हणाले, घरी जा, झोप काढ. ती घरी गेली नाही. दोन बस बदलून तरणतलावावर गेली.

गोटीला सर्दी वगैरे काही नव्हती. गळ्यात शिट्टी अडकवून, गुडघाभर पाण्यात उभी राहून ती सहा-सात मुलींकडून फळी धरून पाय मारून घेत होती. ताईला पाहून ती धावतच बाहेर आली. बाबांना काही झालं असंच तिला वाटलं. ताईनं आधी सांगितलं की बाबा ठीक आहेत, आणि मग तिथेच, ओल्या फरशीवर, एका दमात सांगून टाकलं की ते तिनं दाबलं होतं. बाबा झोपले होते. त्यांना काही माहीत नव्हतं.



“मी नऊ दिवस रडतेय, ताई. एका खेळावरून. छत्तीस वर्षांची बाई. मला वाटलं, बोलता येत नाही म्हणून त्यानं असं सांगितलं मला, की तू येत जाऊ नकोस.”

“माहितीय.”

“आणि तू तिथे उभी होतीस. तो पाटी मागत होता.”

“हो.”

“का पण?”

ताईनं ठरवलं होतं की कारणं द्यायची नाहीत. पण ती बाहेर आलीच. तिनं सांगितलं, की तू येतेस आणि ते हसतात. मी रोज असते आणि माझ्या वाट्याला पंखा येतो. आणि तुझं नाव लिहायला त्यांनी ती पाटी घेतली. माझ्यासाठी चार शब्द, आणि तुझं नाव त्यांनी बसून अक्षर अक्षर लिहिलं.

गोटी बाकावर बसली. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “त्यानं नाही लिहिलं ते. मी घातलं.”

ताईला कळलं नाही.

“मी म्हटलं, साथीदाराचं नाव सांग. त्यानं ‘त’वर बोट ठेवलं. मी पुढचं अक्षर विचारलंच नाही. ‘गोटीच ठेवते’ म्हणून हसले आणि टाइप करून टाकलं.” ती पाण्याकडे बघत होती. “तहान लागली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.”

“तहानच लागली असेल.”

“असेल. पण मी विचारलं नाही ना. मला माहीत होतं मी का विचारत नाहीये.” मग ती म्हणाली, “मी दोन तास त्याला हसवते गं. पण कुठे दुखलं की तो दाराकडे बघतो, तू येतेस का म्हणून. मी समोर बसलेली असते.”

पाण्यातल्या मुली फळ्या सोडून एकमेकींवर पाणी उडवायला लागल्या होत्या. गोटीनं शिट्टी वाजवली, त्या गप्प झाल्या. दोघी बहिणींनी एकमेकींना मिठी वगैरे मारली नाही. त्यांच्यात ती पद्धत नव्हती. गोटी अजून रागावलेली होती, आणि ते तिनं सांगितलंही. पण शनिवारी येते म्हणाली.

आली. ताईनं त्या दिवशी सूप आधीच उरकलं होतं. गोटी पलंगावर बसल्यावर ती बाबांसमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “बाबा, ते मी केलं होतं. गोटीला मी पकडून दिलं. मला तिचा हेवा वाटला.”

हा शब्द तिनं आजवर कधी तोंडानं उच्चारला नव्हता. बाबांनी डोळे मिटून उघडले. त्यांना कळलेलंच होतं. त्यांनी टॅब डाव्या हातानं गोटीपुढून ओढला आणि तिच्या मांडीवर सरकवला, ताईच्या. ती म्हणाली, मला नाही येत तसं वाचता. बाबांनी पाटी मागितली. या वेळी ती उठून पटकन देऊ लागली तर गोटीनं आधीच दिली होती. बाबांनी दोनच अक्षरं दाखवली, पण ‘व’चा काना विसरले, परत फिरून शोधला, आणि पूर्ण केलं. वाच.

ताईनं वाचलं. गोष्टीतली गोटी तुरुंगाच्या तळघरात होती, बाहेर उठाव पेटला होता, आणि हे सगळं ताईनं किराण्याच्या यादीच्या सुरात वाचलं. ‘गोळ्यांचा सडसडाट’ आला तेव्हा गोटीला राहवलं नाही, ती फिसकन हसली. बाबाही हसले, तो सुटलेल्या नळासारखा आवाज करून. ताईचे कान तापले. टॅब ठेवून उठावंसं वाटलं. पण पान संपलं होतं आणि वाटा आल्या होत्या, त्या वाचून दाखवणं भागच होतं. एक: तुरुंग फोडून गोटीला सोडव. दोन: भर चौकात मुखवटा उतरव आणि सांग की तिला पकडून देणारा तूच आहेस. तीन: दुसऱ्या शहरात निघून जा.

बाबा विचारात पडले. इतका वेळ त्यांनी कधी लावला नव्हता. मग त्यांनी ताईकडे पाहून हनुवटी उचलली. तूच सांग.

तिनं दोन बोटं वर केली.

गोटी म्हणाली की यात साथीदाराला सोडवलं जाईलच असं नाही, यात मुखवटेवालाही आत जाऊ शकतो. ताई म्हणाली, जाऊ दे आत.

‘सात छपरं’ संपायला त्यानंतर चौदा शनिवार लागले. गोष्टीतली गोटी सुटली, पण एका पायानं लंगडी होऊन. मुखवटेवाल्याशी ती पुढे बराच काळ बोलली नाही, आणि बोलली तेव्हाही आधीसारखी नाही. सातांपैकी पाच छपरं शाबूत राहिली. गोटी वाचायची, तिला घसा बसला की ताई. ताईचं वाचन शेवटपर्यंत सुधारलं नाही. गोटीचं वाचन रंगात आलं आणि बाबांचा चेहरा उजळला की ताईला अजूनही हेवा वाटायचा, आणि ती तो वाटू द्यायची, जागेवरून न उठता. एका शनिवारी गोटी परगावी गेली होती. त्या दिवशी ताईनं एकटीनं वाचलं. बाबांनी डोळे मिटून घेतले, पण टॅब पालथा घातला नाही, आणि वाटा आल्या तेव्हा डोळे न उघडताच तीन बोटं वर केली.